सातपर्यंत

दिवाळ्याच्या जेट्टीमागं, ओहोटीनं उघडा टाकलेला चिखल
आणि आमची पत्र्याची शेड.
शेडीत निळं पिंप, गळ्यापर्यंत नळाचं पाणी,
त्यात पाय सोडून बसलेली
नवशा तांडेलाची मशीन.
वाशीचा दुसरा पूल झाला त्या सालची,
टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर,
टोपणावरचं नाव उन्हानं खाल्लेलं.

दोन हंगाम ताडपत्रीखाली होती.
भाऊ भंगारात देत होता, नवशा सांगतो,
मीच म्हटलं, एकदा हसुरामला दाखवू.
हसुराम माझा बाप.
लोक त्याला दाखवतात. करते मी.

दोरी ओढली. पाचव्यांदा खोकली,
निळा धूर सोडला,
बेलापूरचे टॉवर धुरामागं जरा हलले
आणि लागली.
आम्ही तिघं वाकून एकाच जागी बघत होतो,
टोपणाखालच्या करंगळीएवढ्या भोकाकडं.
गिऱ्हाईक शहरातलं असेल तर मी ‘इंडिकेटर’ म्हणते.
एरवी सरळ विचारतो आम्ही:
मुतते का?

नाही.
थेंबसुद्धा नाही.
‘पंप गेला,’ नवशा म्हणाला, ‘रबर गेलं. किती होतील?’
बाप म्हणाला, ‘बंद कर आधी. तार घाल.’

सायकलच्या ब्रेकची तार घातली.
भुकटी आली, मग ढेकूळ,
ढेकळात चार हिरव्या अळ्या, अर्धमेल्या,
डब्यात पोळ्या गुंडाळून ठेवाव्या तशा नीट.
कुंभारणीनं घर केलं होतं.
नवशा एवढा हसला की ठसका लागला.

पुन्हा दोरी.
आता धार आली, आधी गढूळ, मग पेन्सिलीएवढी स्वच्छ,
पिंप ओलांडून थेट माझ्या चपलेवर.
नवशानं खिशात हात घातला, पैसे मोजायला लागला.

‘थांब,’ बाप म्हणाला.
‘धार बगून फसू नको.
पानी आत गेला, यवरांच सांगतं धार.
सगलीकरं फिरला का नाय, ते नाय सांगत.
पाच मिनिटां चालू दे. मग डोक्याव हात ठेव.’

पूर्वी तोच ठेवायचा.
डावा तळहात, डोळे मिटलेले, ओठांत आकडे.
सातपर्यंत धरवलं तर बरी आहे,
त्याआधी हात उडाला तर आत कुठंतरी
खाडीचं मीठ बसलंय.
गेल्या माघात असाच उभा होता,
शांत,
सतरा, अठरा, एकोणीस,
आणि वास आधी मला आला.
साखरेनं बोटांतलं सगळं नेलं होतं,
त्याला न सांगता.

तेव्हापासून हात माझा, आकडे त्याचे.

खालचं सिलिंडर.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.
चहाच्या काचेच्या ग्लासाइतकं. धरवतं.

वरचं.
एक, दोन, ती—
हात माझ्याआधी मागं आला.
तो ‘चार’ म्हणून गेला आणि थांबला.
मशीनकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं.
‘किती?’
‘तीनसुद्धा नाही.’
‘बंद कर.’

बंद केल्यावर वरचा भाग बारीक टिकटिकत राहिला.
‘पण धार तर येत होती,’ नवशा म्हणाला,
आधी मला, मग बापाला,
मग जेट्टीवर बांधलेल्या होडीला.
कोणी उत्तर दिलं नाही.

बापानं माझं मनगट धरलं,
नको तेवढं घट्ट, त्याला कळत नाही हल्ली,
आणि हात पिंपात बुडवला.
‘थंड हाय का पानी?’
‘हाय,’ म्हटलं.

पाणी कोमट होतं. वर तेलाचा रंगीत पापुद्रा,
तो माझ्या बोटांभोवती फाटला, पुन्हा जुळला.
तसाच हात ठेवून
मी हेडचे बोल्ट मोजले. दहा.
गंज बघता दोन तरी तुटणार.