दीड सुरळी

वजन माझ्या हाताला कळतं, काटा लागत नाही.
पाव डॉलरची चाळीस नाणी कागदात गच्च गुंडाळली
की झाली एक सुरळी. दहा डॉलर.
एकोणीस वर्षं मी ह्या सुरळ्या उचलतेय,
माउंटन ग्रोव्ह, कबूल, विलो स्प्रिंग्ज,
पैसे टाकून कपडे धुवायची आठ दुकानं.
दर बुधवारी मशिनांचे गल्ले उघडायचे,
पिशवी खांद्यावर मारायची, पुढचं गाव.

फेब्रुवारीत एकजण ड्रायरला टेकून उभा होता.
त्याच्याजवळ कपडे नव्हते.
बुधवारीच येतेस ना, म्हणाला.
तेवढंच.
मी हो म्हटलं, मूर्खासारखं.

मर्लने काचेवर हिरवा फेल्ट अंथरला
आणि पहिल्यांदा विचारलं, ठेवणार कुठे?
मी पँटच्या खिशात हात घातला.
दुसऱ्या पेरापाशीच बोटं अडली.
बायकांच्या पँटी शिवणाऱ्यांना वाटतं
आमच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं.

घरी वडिलांचं रिव्हॉल्व्हर आहे, मी म्हटलं.
हॅरलचं? वीट आहे ती आर्डिथ, मर्ल हसला,
जड असतं ते तीन आठवडे जवळ राहतं,
चौथ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातं.

मग त्याने एक छोटं पिस्तूल माझ्या तळहातावर ठेवलं.
दीड सुरळी. त्याहून थोडं कमीच.
पंधरा डॉलरचं वजन.
मला वाटलं, बस, एवढंच?

दुकानामागे मातीचा बांध आहे, तिथे गेलो.
पहिली गोळी कागदाच्या कडेला.
दुसरी कुठे गेली देव जाणे.
तिसरीनंतर अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ.
हलकं तेच जास्त उसळतं, मर्ल म्हणाला,
जड बंदूक झटका स्वतः पिते,
ही सगळा तुझ्या हातात देते.
स्लाइड ओढताना माझी सांधेदुखीची बोटं घसरली,
एकदा, दोनदा.
तो शेजारच्या शेल्फकडे बघत राहिला,
मला वेळ देत.

दुसरं आणलं, जरा नरम स्प्रिंगचं,
रुंदीला माझ्या चष्म्याच्या केसइतकं.
त्याच्यासाठी चामड्याचं पाकीट, चाप झाकणारं.
ह्या खिशात दुसरं काही नको, त्याने बजावलं,
किल्ली नको, रुमाल नको, गोळ्यासुद्धा नकोत.
कसल्या गोळ्या?
अगं, पेपरमिंटच्या, तो म्हणाला. गाव लहान आहे.

म्हणून मी नव्या पँटी घेतल्या, पुरुषांच्या विभागातून,
आणि पेपरमिंट डाव्या खिशात गेले.

बुधवार आता असा जातो:
गल्ला उघडताना पाठ भिंतीकडे.
तो माणूस पुन्हा दिसलेला नाही.
दिसला नाही म्हणून बरं वाटावं,
तर तेही नीट वाटत नाही.
ड्रायरच्या काचेत शर्टाच्या बाह्या गरगरतात
आणि मी त्यांच्यामागे कोणी आहे का बघते.

शेवटचा थांबा आईचा.
वृद्धाश्रमाच्या दारावर पाटी आहे, गोल, लाल तिरकी रेघ.
मी गाडीतच सीटखालच्या पोलादी पेटीत ते ठेवते,
कुलूप दोनदा ओढून बघते,
आणि पार्किंगमधून चालताना उजवी मांडी
उगाचच उघडी पडल्यासारखी वाटते.

आई मला ओळखत नाही, खिसा ओळखते.
उजवाच. गेली सहा वर्षं उजवाच.
डावा बघ ना, मी म्हणते, इकडे हलवलंय.
ती ऐकत नाही. बोटं तळाशी फिरवते,
शिवणीतला दोरा चाचपते,
हात बाहेर काढते, रिकामा,
आणि नाकाशी नेते.

तेल.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
रविवारी जे तेल वास मारायचं, ते.

तिचा चेहरा एकदम कुणाचा तरी होतो.
हॅरल आलाय?

डाव्या खिशातला पेपरमिंट मी सोलते,
कागद फार वाजतो.
हो, मी म्हणते,
गाडीत आहे.