बाजू संपते तिथं

लोकमान्य नगरच्या सभागृहात, गणपतीच्या सहाव्या संध्याकाळी,
गाणी ओळखायची स्पर्धा.
चार संघ, चार बझर, त्यातला आमचा खोकणारा,
आणि माइकवर पोफळ्यांचा सौमित्र:
"फक्त तीन सेकंद वाजवणार हं काका,
गाणं सांगा, सिनेमा सांगा, साल सांगितलं तर बोनस."

तीन सेकंद पुष्कळ झाले.
जेल रोडवर एकोणीस वर्षं माझं दुकान होतं,
आत मी, डबल डेक आणि एक स्टूल,
तिसऱ्या माणसानं श्वास बाहेर घ्यायचा.
लोक वहीचं पान फाडून यादी आणायचे,
मी हेड स्पिरिटनं पुसून
गाणी उतरवून द्यायचो, साठची किंवा नव्वदची,
जशी ऐपत.

सत्तरचं दशक. आधी सतार, मग एकदम बोंगो.
ठाऊक आहे मला!
हे सियागंजमधल्या हळदवाल्या बोहऱ्याचं,
बेगम माहेरी गेली की न्यायचा,
आली की परत आणून ठेवायचा, "भिया, सांभाळ."
सौमित्रला हे उत्तर चालत नाही.

ऐंशीचं. टाळ्या, पण मशीनच्या.
मेडिकलच्या हॉस्टेलवाल्यांनी हे एकच गाणं
एका कॅसेटवर अकरा वेळा भरून मागितलं होतं.
बझर ईराच्या ताब्यात, माझ्या पुतणीच्या मुलीच्या.
ती कपाळावर हात मारते:
"आजोबा, गिऱ्हाईक नको, गाणं सांगा."
आता सिनेमे मी कधी बघणार?
सहा ते नऊ तर धंद्याची वेळ.

आम्ही चौथे चाललो होतो. चौघांत.

मग नव्वदचं. बासरी,
आणि तिच्या पाठीमागे कुणी बांगड्या सारख्या केल्यासारखं काहीतरी.
चारही बझर एकदम, खोकणारासुद्धा.
सौमित्र हसला, म्हणाला, "राहू दे, अख्खंच ऐका,"
आणि सगळं सभागृह गायला लागलं,
पोह्यांची कढई ढवळणारे जोशीबुवाही, झारा थांबवून.
मीही गायलो. पहिलं कडवं. दुसरं.
दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीत, अर्ध्या शब्दावर,
माझा आवाज गेला.

घसा नव्हे. तिथं टेप संपायची.
सहावं गाणं बसेल असं वाटलं होतं मला,
साठची होती, हिशेब चुकला.
म्हटलं, ताई, नव्वदवर पुन्हा भरून देतो, जास्तीचे नका देऊ.
"असू द्या," म्हणाली, "एवढंच पुरे आहे."
आडनाव बुऱ्हाणपूरकर, कॅसेटच्या पाठीवर मावेना,
म्हणून 'बुऱ्हाण' लिहून एक टिंब दिलं.
ती गेल्यावर त्या यादीची आणखी एक प्रत
मी उतरवून घेतली, तुटलेल्या शब्दासकट.
का, ते विचारू नका.
स्पर्धेत असला प्रश्न नसतो.

सभागृह पुढे गात राहिलं.
गाण्याला पुढे आणखी एक ओळ होती म्हणे, बरी होती.
पण पलीकडच्या टेबलावर, सुदामा नगरच्या संघात,
पांढरे केस आखूड कापलेली एक बाई
त्याच अर्ध्या शब्दावर
तोंड उघडं ठेवून थांबली होती,
आणि तिचा उजवा हात
आपोआप उठून, हवेतच,
काहीतरी काढून, उलटं करून,
परत आत घालत होता.

बक्षीस स्कीम नंबरवाल्या कुठल्याशा कॉलनीला गेलं. स्टीलचे डबे.
पोह्यांच्या रांगेत ती माझ्या पुढे.
जिरावन भुरभुरवता भुरभुरवता, मागे न बघता म्हणाली,
"दुसऱ्या बाजूचं पहिलं कोणतं?"

माझं बोट खाडकन खाली आलं.
तिथं बझर नव्हता, पोहे होते,
गरम.