उजवी बाजू

तिचे फोटो मिळाले एकूण अकरा,
सगळे डावीकडून.
प्रदर्शनातल्या त्या चबुतऱ्याला पलीकडून भिंत असावी,
किंवा उजवीकडे कुणी उभंच राहिलं नसावं.

भोईवाड्यातली आमची लॅब सातला बंद होते.
दातांच्या पेट्या फळीवर सरकवते
(नाखवा, वरचा पूर्ण सेट, अर्जंट)
आणि गुलाबी मेण तापवायला घेते,
हिरड्यांचंच. दुसरं कुठलं परवडायला.

एकास चोवीस.
म्हणजे ड्रायव्हरचा पंजा माझ्या करंगळीच्या नखात मावेल.
पाचरीसारखं नाक, मागे चढत गेलेली काच,
दारं वर उघडणारी, भुंग्याने उडायच्या आधी पाठ उघडावी तशी.
दाताच्या तारेचे वायपर,
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे फुगे हेडलाइटला,
नागदेवी स्ट्रीटवरून अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल.
दुकानदार म्हणाला, बाई, एवढ्याने भोक कशाला पाडणार?

चाकं तीनदा फेकली.

उजवीकडे आले तेव्हा हात थांबला.
डावी उलटी करून लावायची, इतकंच तर होतं.
पण एकोणीस वर्षांत
दोन्हीकडे सारखा जबडा मी पाहिलेला नाही.
ज्या बाजूने माणूस चावतो ती झिजते,
दुसरी आपली कोरी, वाट बघत.
म्हणून उजवीकडची हवेची फट केसभर खाली घेतली.
चूक असेल. बरोबर असली तरी सांगायला कोण येतंय.

मग एका जुन्या अंकात एक ओळ सापडली:
चौघांनी ढकलत आणली होती तिला चबुतऱ्यावर.
इंजिन नव्हतंच. बॉनेट वरून सांधलेलं.
खाली छापलं होतं, ताशी तीनशेवीस.
म्हणजे तीही मॉडेलच,
एकास एक.
हसले मी, एकटीच, मेणाच्या वासात.

ड्रॉवरमध्ये एक कॅप पडून होती,
खालची डावी सहावी, धातूची;
मापाला दोनदा येऊन
न्यायला न आलेले कुणी पिंपुटकर.
ती ठेवली इंजिनाच्या जागी.
जरासं घासावं लागलं. बसली.

रंग मात्र ऐकेना.
इथली खारी हवा, फवारा मारला की साय धरते,
चकाकी जाऊन बाथरूमच्या काचेसारखं धुरकट.
तीन आठवडे थांबले.
जानेवारीत एका रात्री ओठ तडकले, उत्तरेचा वारा होता,
उठून शेंदरी मारला. तीन हात.

खोक्याखाली झाकली. वर लिहिलं: उघडू नये.
सकाळी तुळशीदासने उघडलं,
कुणाचा ब्रिज आहे बघायला.

छपरावर, उजवीकडेच, त्याचा अंगठा उमटलाय,
रेष न् रेष.
चोवीसने गुणला तर दोन फुटांचा.
पॉलिशने जाईल, म्हणतो.
जाईल की.
आज नाखवांचा सेट द्यायचाय.