गुलाब धुणारी

सान तेल्मोच्या थिएटरात, जिन्याखालच्या खोलीत
डेल्मिरा रोज रात्री अकरा गुलाब धुते.
कापडाचे. देठात तार, तारेवर हिरवी पट्टी,
पट्टीवर दातांचे ठसे.
यामिलाचे बारीक, उंदराने कुरतडल्यासारखे.
निकानोरला एक सुळा नाही,
तेवढी पट्टी कोरी.

लिपस्टिक साबणाने जाते. वास जात नाही.

परवा रोसारिओहून एक नवी पोरगी आली,
म्हणाली, हे फूल तोंडात कधीपासून?
तोंडात काही धरलं की बोलता येत नाही ना,
डेल्मिरा म्हणाली, तेव्हापासून.
मग स्टूल पुढे सरकवलं. बस. पिळ हे.

माझे आजोबा एलेउतेरिओ बाराकासला
नदीकाठी कातडी कमवायचे.
कोन्वेन्तिशोत राहायचे, म्हणजे
एक अंगण, चौदा बिऱ्हाडं, एक नळ,
आणि नळापाशी पाच भाषांतली भांडणं.
संध्याकाळी अंगणातच नाच.
बाया कमी, म्हणून पोरं पोरांबरोबर घोटायची,
आज तू बाई, उद्या मी.
त्यात लाजायचं काय? पाऊल तर बसलं पाहिजे.

आता तिकीट काढून येतात ते म्हणतात,
काय हा करारी चेहरा! काय आतली आग!
अगं, अंगणातली एक फरशी उखडलेली होती.
तिथून जाताना सगळेच करारी व्हायचे.

आणि ते बदनाम घर, जिथं म्हणे सगळं जन्मलं?
होतं. कोपऱ्यावरच होतं.
तिथं वाजवणाऱ्याला रोख पैसे मिळत,
लग्नात नुसता रस्सा.
पण रश्श्याची गोष्ट सांगून
कोण येणार आहे पॅरिसहून?

पॅरिसला गेला खरा.
तिकडून आला तेव्हा अंगात कोट होता
आणि आमच्याच दारात उभा राहून
आम्हालाच ओळख विचारत होता.

मग कुणीतरी परदेशात सिनेमा काढला, मुका.
आमचा घोडेवाला, पण पट्टा स्पेनचा,
टोपी आणखी कुठली, हातात चाबूक.
आजोबा पैसे मोडून बघायला गेले.
अख्खं थिएटर हसलं म्हणे,
एक म्हातारा तर खुर्चीवरून घसरला.
गुलाब होता का त्यात?
आजोबा म्हणायचे, होता.
आजी म्हणायची, नव्हता,
तो दुसऱ्याच कुठल्या नाटकातल्या बाईचा,
ह्यांच्या डोक्यात सगळ्या बाया एकच.
मरेपर्यंत त्यांचं यावर एकमत झालं नाही.

हसणाऱ्यांचीच नातवंडं आम्ही.
पाहुणे बोटीतून उतरत, इकडेतिकडे बघत:
गुलाब कुठाय?
पहिल्यांदा आम्ही म्हटलं, नसतो.
दुसऱ्यांदा म्हटलं, संपला.
तिसऱ्यांदा कुणीतरी फुलबाजारात पळालं.
खरा आणला. काट्याने ओठ फाटला,
रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत,
आणि टाळ्या अशा पडल्या
की मालक दुसऱ्याच दिवशी
मला विचारायला आला, कापडाचे जमतील?
जमले. त्याच पैशांत आईचे डोळे केले.
मी कोणत्या तोंडानं म्हणू, खोटं आहे?

पोरगी पिळत होती. थांबली.
मग खरं कसं असतं?

डेल्मिराने उत्तर दिलं नाही,
गुलाब दोरीवर उलटे टांगले, चिमट्यांनी,
अकरा वटवाघळं.

सोमवारी थिएटर बंद असतं.
सोमवारी ती सपाट टाचेचे बूट पिशवीत घालून
एका क्लबात जाते, जिथे दिवसा बास्केटबॉल चालतो.
भिंतीकडेच्या खुर्चीवर बसते.
समोरून, अख्ख्या मैदानापलीकडून,
कुणी टक्कल पडलेला प्लंबर भुवई उचलतो.
ती मान हलवते, जेमतेम.
नको असतं तेव्हा चष्मा पुसते.

मग मिठी, मग डोळे मिटलेले.
गर्दीत पाय उडवायला जागाच नाही.
तोंडात पेपरमिंट, त्याच्याही,
आणि चौथ्या गाण्यापर्यंत
ती न चावता पुरवायची असते.