आधीचा आधार

आमच्याकडे खरेदीखताला आधारम् म्हणतात.
नवं लिहायचं तर आधीचं लागतं.
आधाराला आधार.

पांडनाडचं घर, साडेसहा सेंट, दोन फणस, एक विहीर,
पंपा नदी हाकेच्या अंतरावर.
मालक इट्टियविरा, वय एक्क्याऐंशी, कान एकच चालू.
म्हणाले, एकोणऐंशी सालचं मूळ खत पुरात गेलं.
सगळ्यांचंच गेलं, बाई.

भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती.
मी मान डोलावली.
मग त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढायला लावली.
आत बाप्तिस्म्याचा दाखला, मुलाचं दहावीचं गुणपत्रक,
बायकोच्या फुप्फुसांचे एक्स-रे,
एका बंद पडलेल्या बस कंपनीचा पास.
सगळं कोरडं. खडखडीत.

वकीलबाई जलजा म्हणाल्या,
पाणी कागद निवडून नेत नाही.
कर्ज नोंदवलं असेल तर दाखल्यात दिसेल.
नुसतं खत नेऊन कुणाच्या कपाटात ठेवलं असेल,
तर ते कपाट कुठल्या दाखल्यात दिसतं?

अकरा वर्षं कुवेतच्या वॉर्डात
मी परक्यांच्या हातांत शिरा शोधल्या,
अंधारात, नुसत्या बोटांनी.
या घराची शीर सापडेना.

बँकेनं कर्ज नाकारलं.
सजीवन म्हणाला, विसार परत माग.
मी नाही मागितला.
का, ते मला अजून धड सांगता येत नाही.
त्या विहिरीचं पाणी गोड आहे, एवढंच म्हणाले त्याला.

निबंधक कार्यालयातून नक्कल काढली, शिक्का जांभळा.
पोलीस चौकीत हवालदारानं इट्टियविरांना विचारलं,
शेवटचं कधी पाहिलं होतं?
पोर हरवल्यावर विचारावं तसं.
म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.
कान चालू असलेल्या बाजूलाच बसला होता हवालदार.

वर्तमानपत्रात चार ओळी छापल्या:
हरकत असल्यास पंधरा दिवसांत.
वर बेकरीचं उद्घाटन, खाली कुणाचा तरी चाळिसावा.

नवव्या दिवशी मस्कतहून फोन आला.
इट्टियविरांचा मुलगा. हरकत नव्हती त्याची.
एवढंच विचारलं त्यानं, अप्पन स्वतः विकतोय?
मग बराच वेळ नुसती लाइन चालू.
मी मागितलं होतं तेव्हा दिलं नाही, म्हणाला.

संध्याकाळी गेले. चुलीवर कंजी रटरटत होती.
मी विचारायच्या आधीच त्यांनी फुंकणीनं चूल दाखवली.
इथे, म्हणाले.
पुराच्या दोन वर्षं आधी.
पोरानं विमानाचं तिकीट काढलं होतं, गिऱ्हाईक ठरवलं होतं.
स्टॅम्पाचा कागद हळू जळतो,
दोनदा ढोसावा लागला.
नंतर पूर आला आणि मला
कारण मिळालं.

मग आता का विकताय?

कंजीत मीठ घातलं त्यांनी. चव बघितली. पुन्हा घातलं.
आता तो मागत नाही.

जलजाबाईंना मी सांगितलं, कुणी आलं नाही.
पोलिसांच्या दाखल्यावर ओळ आहे,
शोध घेऊनही मिळून आले नाही.
तेवढं तर खरंच आहे.

चेंगन्नूरला दस्त नोंदवला.
इट्टियविरांचा अंगठा उमटेना, रेषा झिजलेल्या.
मी त्यांचा हात धरून पुसला, कोमट केला, पुन्हा टेकवला,
नाडी बघायची जुनी सवय,
चौऱ्याऐंशी, जरा जास्तच.

नवं आधारम् त्याच पेटीत ठेवलंय, माळ्यावर.
माझा नवनीत कॅनडाचे फॉर्म भरतोय,
रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा असतो.
परवा जेवताना सहज म्हणाला,
अम्मा, इथे सेंटला काय भाव चाललाय?

काल गवंडी आला होता चूल पाडायला.
गॅस आहे की आता, सजीवन म्हणाला.
मी म्हटलं, असू दे.