मानशीजवळचा वीरगळ

मानशीच्या डाव्या हाताला तो उभा आहे.
तीन खणांचा. वर कैलास, मधे अप्सरा,
खाली लढाई: एक होडी, वल्ही सहा, माणसं सात.
भरतीला खालचा खण बुडतो,
खेकडे लढाईतून ये-जा करतात.

कुणाची, कुणाशी, कागद नाही.
आमच्या खारवणात सांगतात ते असं:
राजाने बारा वांगडांची पोरं नेली,
अघनाशिनीच्या मुखाशी एका सकाळीत संपवली,
आणि जिंकला म्हणे. किंवा हरला.
गावाला दोन्ही सारखंच पडलं.
परत आले तिघे, त्यातला एक बहिरा.

त्या साली बांध फुटला, बुजवायला हात नव्हते.
कोरगुट भातसुद्धा खाऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत.
आणि हवालदार पुन्हा दारात:
पन्नास माणसं, साठ खंडी.
गावकार वडाखाली जमले.
मान हलवायची त्यांना सवय होती.

माळाई नवऱ्याच्या जागेवर बसली होती,
तिला उठवायला वांगडात कुणी उरलं नव्हतं.
ती म्हणाली, "नाका."

एवढंच. हातात कोयता होता म्हणतात, ते मागाहून घातलेलं.
हवालदाराने विचारलं, बाकीचे?
बाकीचे मातीकडे बघत राहिले.
मग बहिरा, ज्याला प्रश्नच ऐकू गेला नव्हता,
तिचे ओठ वाचून म्हणाला,
"नाका."

तेव्हापासूनचा नेम:
एकानेही नाका म्हटलं तर ठराव पुढे सरत नाही.
राजाला माणूस हवा तर त्याने वडाखाली यावं,
उजेडात, कशासाठी ते सांगावं,
आणि उत्तराला थांबावं.

(बांध ज्यांच्या पाठीवर उभा राहिला
ते कुणबी त्या वडाखाली नव्हते.
हेही लिहून ठेवतो.)

पुढे गोरे आले, त्यांनी नेम कागदावर घातला,
आपल्या सोयीने, माळाईची ओळ गाळून.
कोमुनिदादीच्या कपाटांत तीस वर्षं कारकुनी केली,
ती ओळ शोधली.
वाळवीला माझ्याआधी सापडली असावी.

शाळेतली पोरं म्हणतात, घटना दिल्लीत लिहिली.
बरोबर आहे, मार्क मिळतील.
फक्त मला वाटतं, तिच्या शाईत कुठेतरी
थोडं खारं पाणी असणार.

आज ग्रामसभा. खाजनावर व्हिला, एकशे चाळीस.
भिंतीवर निळा तलाव दाखवतात,
वीज जाते, तलाव जातो, पुन्हा येतो.
सरपंच विचारतो, "हरकत?"
आम्ही सगळे फरशीकडे बघतो.
मीही. सत्तरीत मान लवकर वाकते.

मागच्या रांगेत खुर्ची करकरते.
पागी वाड्यावरची कुणी, हाताला अजून मासळीचा वास,
आवाज फुटत नाही, दुसऱ्यांदा फुटतो:
"नाका."

सचिव पेनाचं टोपण लावून बसलाय.
मी माझी वही उघडतो.
नाव सांग बाई, हळू सांग,
माळाईच्या वेळी राहून गेलं.