सतरा नंबरची भट्टी

ब्रनोची ट्राम संपते, तिथून चढावर आमची प्रयोगशाळा.
तळघरात चाळीस भट्ट्या.
एकेकीच्या पोटात एकेक सळई,
पेन्सिलीएवढी, निकेल-क्रोमची,
आणि खाली टांगलेलं वजन.
साडेसहाशे अंशांवर ती धगधगत नाही,
नुसती तांबूस होते,
चारचौघांत कुणी बोल लावल्यावर कान होतात तशी.

काम एवढंच की ती किती लांबली ते बघायचं.
पुस्तकात याला विसर्पण म्हणतात,
आम्ही चेक लोक साधं ‘वाहणं’ म्हणतो.
धातू वाहतो.
वर्षाला केसाच्या जाडीएवढा.

सतरा नंबर व्लास्तिमिलनं पेटवली, अठ्ठ्याऐंशीच्या शरदात.
मी तेव्हा शाळेत.
पुढे ती मला मिळाली त्याच्या वहीसकट:
निळी शाई, प्रत्येक साताच्या पोटात आडवी रेघ.
एकतीस डिसेंबर ब्याण्णवचं पान:
‘०.४१. पाळीवर एकटाच. वर फटाके.’
सकाळी एका देशाचे दोन झाले होते.
मथळ्यातलं जुनं नाव त्यानं पट्टी धरून खोडलंय,
खाली पुन्हा ‘०.४१’.

वीजघरातला श्टेपानेक दर मार्चला फोन करायचा.
त्याच्या टर्बाइनचे बोल्ट ह्याच ओतातले.
‘तुटली का तुमची?’
‘नाही.’
‘मग चालवतो अजून वर्षभर.’
अर्ध्या जिल्ह्याचे दिवे
माझ्या ‘नाही’वर जळायचे,
आणि मी भट्टीच्या झाकणावर
अळंबी वाळत घालायची.
तेही व्लास्तिमिलनंच शिकवलेलं: पातळ काप, दोन रात्री,
आणि संचालक आले तर वर वर्तमानपत्र.

एका शनिवारी रात्री तुटली.
वजन वाळूच्या पेटीत पडलं,
घड्याळ थांबलं
दोन लाख एकोणनव्वद हजार तासांवर.
सोमवारी मला जमिनीवर
आधी अळंबी दिसली.

श्टेपानेकला कळवायच्या आधी
मी वृद्धाश्रमात फोन लावला.
बराच वेळ खोकला. मग:
‘कुठे तुटली, द्राहोमिरा?’
‘वरच्या टोकाला.’
‘हं. वरची बाजू पहिल्यापासून
दोन अंश जास्त तापायची.’
‘वहीत नाही तसं.’
‘नाही,’ तो म्हणाला,
‘लिहिलं असतं तर
बंद करायला लावली असती.’